बादलीचं चित्र

१ डिसेंबर २०२५, सोमवार

आज नवं काम लागलं, चौसष्टाव्या वर्षी. गंगाखेडात स्टँडच्या मागं बियाण्याचं दुकान हाय, त्याच्यावर दोन खोल्या. तिथं ऑफिस. सुकेशनी मॅडम सगळं बघतात. वयानं लहान हायत, पण काम चोख. त्यांनी ही वही दिली, म्हणल्या रोज काय केलं ते चार ओळी लिहीत जा. मी सातवी पास. एसटीत कंडक्टर होतो, जलमभर तिकिटं फाडली. शुद्धलेखन बघू नका.

काम असं हाय. फोनवर, कॉम्प्युटरवर शिकायचे कोर्स असतात. डोळे नसलेली पोरं ते कानानं शिकतात. मशीनमधली एक बाई पानावरचं सगळं वाचून दाखवती. फक्त चित्र आलं की अडती. "चित्र. वर्णन नाही," म्हणती आन पुढं जाती. तर चित्रात काय हाय ते आपण खाली लिहायचं, मग बाई ते वाचती. मॅडमला साधं बोलणारा माणूस पायजे होता. आधीची शिकलेली पोरं असं लिहायची की डोळेवाल्याला बी कळू नये.

चित्र नुसतं वेलबुट्टीचं असलं तर "शोभेचं" म्हणून एक चौकोन हाय, त्यात खूण करायची. मग बाई ते सोडून देती, चित्र होतं हे सुद्धा सांगत न्हाई. ते मला आवडलं. पयल्याच दिवशी साठ चित्रं उरकली. येताना नागुबाईला पेढे आणले. तिनं एक खाल्ला.

३ डिसेंबर, बुधवार

सिद्धोधन म्हणून एक गडी हाय, तिशीतला, डोळ्यानं पूर्ण अधू. पिंगळीहून रोज रेल्वेनं येतो. माझं लिहिलेलं तो ऐकून तपासतो. आज त्यानं माझी सालटी काढली. मी लिहिलं होतं, एक चांगला माणूस उभा हाय. तो म्हणला, मास्तर, चांगला हाय हे कशावरनं, सोयरीक जुळवायची का. मॅडम तोंडाला पदर लावून हसल्या.

दुसरं, लग्नाच्या धड्यातली सगळी चित्रं मी शोभेची करून टाकली होती. तो म्हणला, मास्तर, तुमी अख्खं लग्न गायब केलं, नवरी बी शोभेची, नवरदेव बी शोभेचा, जेवायला कुणाच्या जायचं. मी म्हणलो, फालतू चित्रं हायत, त्यानं काय अडतं. तवा तो हसला न्हाई. म्हणला, फालतू हाय का न्हाई ते आमी ठरवू. आधी सांगा तर खरं.

लय बोलतो. पण काम करतो.

जेवताना त्यानं इचारलं, घरी कोण कोण. मी म्हणलो, मी आन नागुबाई. ईश्वरीचं सांगितलं न्हाई.

५ डिसेंबर, शुक्रवार

थंडी वाढली. नागुबाई सकाळी गार पाण्यानंच आंघोळ करती. हा दुसरा हिवाळा. कितीदा सांगितलं, चुलीवर तापवून देतो, ऐकत न्हाई.

लिहायचं न्हाई म्हणलं होतं, पण लिहून मोकळा होतो. ईश्वरी आमची एकच पोरगी. जलमापासून दिसत नव्हतं. गेली तवा एकोणीसची होती, मागल्या जानेवारीच्या आधीच्या जानेवारीत. नागुबाईनं बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडला, बटन दाबलं आन अंगण झाडायला गेली. पोरगी मोरीत आली. पाणी तापलं का बघायला हात घातला. तेवढंच झालं.

आमच्या लिंगायतात जाळत न्हाईत, बसवून माती देतात. गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवलं आन बसवली.

भेटायला येईल त्याला नागुबाई म्हणती, माझ्या हातानं मेली. मी म्हणतो, कुणाची चूक न्हाई. रोज म्हणतो.

८ डिसेंबर, सोमवार

आज नवा कोर्स आला. घरकाम आन सुरक्षा. सुरवातीला बासरी वाजली. ही बासरी मी ऐकलेली हाय. ईश्वरी ओट्यावर बसून फोनवर हाच कोर्स ऐकायची. पास झाल्यावर परभणीला आजारी माणसं सांभाळायचं काम धरायचं म्हणायची.

तिसरा धडा. चित्र सात. एक बादली, बादलीत रॉड, वायर बटनाला लावलेली, पाण्याकडं जाणारा हात आन त्याच्यावर लाल फुली. खाली लिहिलेलं एकच वाक्य, चित्रात दाखवल्याप्रमाणे काळजी घ्या.

हा धडा ऐकताना तिनं मला इचारलं होतं. आप्पा, बाई म्हणती वर्णन नाही, काय हाय चित्रात. मी पेपर वाचायलो होतो. दुसरं काही काम नव्हतं. पेपरातनं नुसती मान वर केली, बादली दिसली. म्हणलो, बादली हाय, शोभेचं चित्र हाय, पुढं घे. ती म्हणली, आन मग? काही बी सांगितलं की आन मग म्हणायची तिला खोड. मी म्हणलो, आन मग काही न्हाई.

त्याच्या चौथ्या दिवशी ती गेली.

नागुबाईला हे मालूम न्हाई. दोन वर्षं ती स्वतःला खायलीय आन मी बघत बसलोय. हे तिला सांगावं लागंल. सांगावंच लागंल.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी पयलं काम चित्र सातचं केलं. "बादलीत रॉड हाय, बटन चालू हाय. अशा पाण्यात हात घालू नका, करंट बसून जीव जातो. आधी बटन बंद करा, वायर काढा." सिद्धोधननं ऐकलं, म्हणला एक नंबर, मास्तर, आता जमायलं.

घरी गेलो. नागुबाईनं भाकरी वाढली. सांगायला तोंड उघडलं आन मीठ मागितलं.

१० डिसेंबर, बुधवार

चित्र सातवर माझं लिहिलेलं न्हाई. "शोभेचं" च्या चौकोनात खूण. कुणी केली ते मशीन सांगतं. माझं नाव दाखवलं. मॅडम म्हणल्या चुकून बोट लागलं असंल. मी पुना लिहिलं, खूण काढली.

हेडफोन लावून ऐकलं. बाई म्हणली, "चित्र सात. वर्णन न्हाई."

दहा दिवस ही बाई ऐकतोय. ती "आहे" म्हणती, "नाही" म्हणती. पुस्तकासारखं बोलती. "न्हाई" असं कधी म्हणली न्हाई.

११ डिसेंबर, गुरुवार

पुना खूण. पुना माझं नाव. ऑफिसची किल्ली मॅडमकडं असती, माझ्या आधी कुणी आलं न्हाई.

सिद्धोधनला ऐकायला लावलं. त्याला सगळं वर्णन नीट ऐकू आलं. म्हणला, मास्तर, कान तपासा, वय झालं. मी म्हणलो, तुझ्या बापाचं झालं असंल. तो हसला.

तेच हेडफोन मी लावले. चित्र सात. वर्णन न्हाई. मग जरा थांबून, आवाज तोच मशीनचा, सपाट, पण—

आन मग?

१२ डिसेंबर, शुक्रवार

घरी सांगायचं ठरवून गेलो. नागुबाई मोरी घासत बसली होती. गार पाण्यानं हात लाल झाले होते. म्हणली, आज तिचा फ्रॉक सापडला, लहानपणीचा, पिवळा. छातीला धरून बसले दुपारभर. मग म्हणली, माझं बटन राहिलं हो. मी बटन बंद केलं असतं तर.

मी म्हणलो, कुणाची चूक न्हाई.

तेच म्हणलो पुना.

१५ डिसेंबर, सोमवार

आता सगळ्याच चित्रांवर बोलती. मी वर्णन लिहितो, ती ऐकून घेती, मग आन मग म्हणती. चुलीचं चित्र. आन मग. विळीचं. आन मग. चित्र सहापर्यंत लहान पोरीसारखी. सातवर आली की म्हणती,

"चित्र सात. आप्पा म्हणले, शोभेचं हाय. आन मग?"

हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तरी त्यातनं बारीक आवाज यायला होता. मॅडम फोनवर बोलायल्या होत्या. त्यांना काही ऐकू आलं न्हाई.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज सिद्धोधनला बी ती ऐकू आली.

त्यानं जेवण तसंच टाकलं होतं. मग हळू इचारलं, मास्तर, तुमाला पोरगी होती का. मी म्हणलो, कोण म्हणलं. तो म्हणला, तीच म्हणली. मी इचारलं तिला कोण हायस, म्हणली आप्पाला द्या.

मग मी त्याला सगळं सांगितलं. पयल्यांदा कुणाला तरी. त्यानं हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणला, आमाला कुणी काय सांगितलं की आमी तेच धरून चालतो, मास्तर. खरं हाय का न्हाई बघायला आमच्याकडं काय हाय.

म्हणला, घरी सांगा. तुमी न्हाई सांगितलं तर ती सांगंल.

१७ डिसेंबर, बुधवार

ऑफिसात बसवंना. मॅडमनं लॅपटॉप देऊन घरी धाडलं, म्हणल्या बरं वाटंल तवा घरूनच करा.

एसटीत मांडीवर लॅपटॉप होता. बंद होता. हेडफोन पिशवीत. तरी—

आप्पा, मी बसलेली हाय. समोर काय हाय?

खिडकीच्या बाहेर नुसता ऊस. मी म्हणलो, ऊस हाय गं. शेजारचा माणूस बघायला लागला.

तिचं इचारणं उसाचं न्हाई. ती बसलेली हाय, तिच्या समोर काय हाय इचारायली. मला काय मालूम. मातीच्या आत काय—

आन मग? आन मग?

नागुबाईला आज बी सांगितलं न्हाई.

१८ डिसेंबर, गुरुवार, सकाळ

आज सांगतो. न्हाई सांगितलं तर मी बाप न्हाई.

दुपार

म्हशीला पाणी दाखवून आलो. नागुबाई बाजेवर बसलीय. कानाला हेडफोन. लॅपटॉप उघडा. तिला वाचता येत न्हाई, काल रात्री मी दाबताना बघितलेलं तेच बटन तिनं दाबलं.

हसायलीय. दोन वर्षांत पयल्यांदा.

म्हणली, आपली ईसू बोलायली हो. माझ्यासंगं बोलायली. बसा हितं, आवाज करू नका. चित्रं सांगायली मला एकेक.

मी समोर बसलो. तोंड उघडंना. वही हातात होती, हातच तेवढा चालायलाय, म्हणून—

एक, चूल म्हणली. दोन, विळी. लेकरू कसं नीट सांगतं बघा म्हणायली, आन मग आन मग करायली, खोड गेली न्हाई तिची. डोळ्यातनं पाणी आन हसायलीय.

तीन. गॅसचा पाइप.

चार

नागू आधी माझं ऐक. असं म्हणायचं. एवढंच म्हणायचं. पेपर वाचायलो होतो, तिनं इचारलं, मी—

पाच झालं. मान डोलवायली. किती हुशार व्हती हो आपली म्हणली.

सहा. ओली फरशी.

उठलो. काढ ते कानातलं म्हणलो, नागू, मी सांगतो, बटनाचं न्हाई गं, तुझं काही न्हाई, बादलीचं चित्र मीच तिला—

हात वर केला तिनं. गप बसा म्हणायली, सातवं आलं. ऐकायलीय. तिचं हसू—