मुलींच्या बाजूची कनात

६ जाने. १९७५, सोम.
कॉलेजात जाऊन आलो. गॅदरिंग १ फेब्रु.ला, मागच्या मैदानात मांडव, बाराशे खुर्च्या. काम नेहमीसारखं आपल्याला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी नकाशाच काढून ठेवलेला. दार एकच, पुढचं. बाकी तिन्ही बाजूंची कापडी कनात नुसती बांधायची नाही, सुतळीनं शिवून टाकायची. मुली सगळ्यात आत, मुलांच्यात नि त्यांच्यात बांबूचं कुंपण. दाराच्या तोंडाशी चहाचा स्टॉल, दोन स्टोव्ह.
म्हटलं, "साहेब, स्टोव्ह भडकला तर मुली कुठनं बाहेर पडणार?"
"का भडकेल?"
त्याला कारण लागत नाही, म्हटलं. ते हसले. मीही हसलो. नकाशा मात्र घडी करून खिशात घातला.

८ जाने., बुध.
गड्ड्याच्या यात्रेचे मांडव अंगावर, जेवायला उसंत नाही. डोक्यात कॉलेजच.
साहेबांचंही अगदी खोटं नाही. गेल्या साली पोरांनी मुलींच्या बाजूची कनात फाडली, आत खडे मारले. दोन घरच्यांनी मुली कॉलेजातनं काढल्या. त्यातली अक्कलकोटची एक फार हुशार होती म्हणे. म्हणून हे शिवणकाम. कळतं. पण चोराच्या भीतीनं घराला खिडकीच नको, असं झालं हे.
आमची लेक नंदाही तिथंच बसणार, बी.ए.चं दुसरं वर्ष. ती नसती तरी मी…

१७ जाने., शुक्र.
गड्डा उरकला. कॉलेजला द्यायचा अर्ज लिहून घेतला. डोकं माझं, अक्षर नंदाचं. तीन दारं, प्रत्येकावर एक प्राध्यापक आणि माझा एक माणूस. स्टोव्ह मांडवाबाहेर. पाण्याची पिंपं, वाळूच्या बादल्या. लाईट गेली तर कोणी काय करायचं ते आधी ठरवून ठेवणे.
नंदा म्हणाली, "अण्णा, 'मागण्या' नको, 'सूचना' लिहू."
लिही बाई. शिकलेल्यांना मागितलेलं आवडत नाही, सुचवलेलं चालतं.

२१ जाने., मंगळ.
गॅदरिंग कमिटीची बैठक. मला बाहेर बाकावर बसवलं. मधे प्लायवूडची भिंत आणि कान माझे. आतून एक प्राध्यापक, "मांडववाल्यानं बांबू रोवावेत, कॉलेज चालवायला आपण आहोत." हशा. मग मला आत बोलावलं. मी काही न ऐकल्याचा चेहरा घेऊन गेलो.
"इतक्या वर्षांत काही झालं नाही हो," तेच प्राध्यापक.
म्हटलं, "झालं नाही म्हणून बसून ठरवता येतंय. झाल्यावर बैठक नसते सर, पळापळ असते."
स्टोव्ह बाहेर, कबूल. पिंपं कबूल. दार एकच. साहेब म्हणाले, मुलींच्या पालकांना मी शब्द दिलाय, त्या बाजूला भोक राहणार नाही. जमत नसेल तर दुसरा मांडववाला बघू.
शिवायचं तेवढं रद्द करवून घेतलं. आमची गाठ कुत्र्यालाही आत येऊ देत नाही, म्हटलं. बरं, गाठ तर गाठ, म्हणाले.
बांधतो म्हटलं. कशी, ते कुणी विचारलं नाही.

२७ जाने., सोम.
छत चढलं. दुपारी मल्लय्याशी वाजलं. वीस वर्षं माझ्याबरोबर आहे, मांडवाचा खरा कारागीर तोच. त्याला सांगितलं, मुलींच्या बाजूला सगळ्या सुरगाठी. शेपटी आतल्या अंगाला, एक हिसका दिला की कनात खाली.
त्यानं दोर खाली ठेवला.
"मल्लय्याची कनात सुरगाठीवर? पेठेत तोंड कुटं दाखवू मालक?"
खरं आहे त्याचं. हातानं सुटणारी गाठ बांधणाऱ्याला आमच्या धंद्यात 'नाडीवाला' म्हणतात. पाणी मारून आवळलेली निरगाठ, जी कोयत्याशिवाय सुटत नाही, ती अब्रू.
विचारलं, "बार्शीकडच्या त्या लग्नात गाठी कुणाच्या होत्या रे?"
आमच्या दोघांच्या होत्या. आचाऱ्याच्या चुलीनं छत पेटलं, आणि नवरीची मावशी कनातीची निरगाठ नखांनी सोडवत होती. वाचली. पण तिची बोटं मी बघितलीत. आणि मी कोयता शोधत होतो. तो नारळ फोडायला आचाऱ्याकडं दिलेला. हे आजवर कुठं लिहिलं नव्हतं.
मल्लय्यानं दोर उचलला. पहिली सुरगाठ मुद्दाम वाईट बांधली. दुसरी नीट.

२९ जाने., बुध.
नंदा मांडव बघायला आली. सुरगाठी ऐटीत दाखवल्या.
"मुलींना माहीत आहे हे?"
"गुपित आहे."
"मग धूर झाल्यावर तुम्ही येऊन सांगणार? अण्णा, माहीत नसलेलं दार म्हणजे भिंतच की."
बोलून गेली आपल्या तासाला. मी बांबूंच्या ढिगावर बसून राहिलो. एवढी हुशारी केली आणि ती फक्त मला नि मल्लय्याला ठाऊक. सांगावं तर पोरांना कळणार, पोरांना कळलं तर साहेबांना. न सांगावं तर पुन्हा कुणाची तरी बोटं.
सांगायचं. होऊ दे काय व्हायचं ते.

३० जाने., गुरु.
मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना भेटलो. सगळं खरं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.
"साहेबांना विचारायला हवं."
"विचारा की."
"उद्या ते अकलूजला जाणार आहेत," बाई म्हणाल्या. "परत आल्यावर विचारीन. उद्या सकाळी दहाला मुली घेऊन येते."
बाईंना मी आजवर भोळ्या समजत होतो.

३१ जाने., शुक्र.
दहाला मुली आल्या. बसवल्या. बाई घड्याळ धरून. दोर ओढा म्हटलं.
पहिल्या खेपेला नुसतं हसणं, चपला शोधणं, एकजण पर्स राहिली म्हणून परत आत. दुसऱ्या खेपेला सगळ्या एकाच दोरावर. मग नंदानं रांगा पाडल्या, प्रत्येक रांगेला एक दोर. तिसऱ्या खेपेला बाईंचा सेकंदकाटा दोनदा फिरायच्या आत मांडव रिकामा.
मल्लय्या म्हणाला, "लग्नात पंगत उठायला ह्याच्याहून वेळ लागतो." त्याच्या तोंडून ही शाबासकीच.
मागं वळलो तर साहेब. अकलूजची गाडी चुकलेली. मैदानभर मुली, कनात जमिनीवर.
"मी जबाबदार," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही साहेब, मी."
ते बाईंशी बोललेच नाहीत. मला म्हणाले, "उद्यापर्यंत ही बाजू शिवून घ्या. नाहीतर मांडव काढा."
"काढतो. शिवणार नाही."
चार दिवसांचं काम पाण्यात जाणार. तरी तोंडातनं गेलं ते गेलं. मागं घ्यायची इच्छाही नाही.

१ फेब्रु., शनि. दु. ३॥
मांडवात बसून लिहितोय. मांडव उभा आहे. कनात बांधलेली, सुरगाठीवरच.
सकाळी साहेब एकटे आले. गाठ दाखवा म्हणाले. शेपटी हातात धरली, ओढली नाही.
"बाहेरून पोरांनी सोडली तर?"
"टोक आत आहे. बाहेर माझी माणसं उभी."
"फाडली तर?"
"फाडली तर शिवता येते, साहेब."
साहेबांनी शेपटी सोडली. मग, "पालकांना मी शब्द दिलाय हो." आवाज कालचा नव्हता. म्हटलं, मुली सुखरूप घरी पाठवायचाच ना तो शब्द? ते तसेच ऑफिसात गेले, कमिटी बोलावली. अजून उठलेली नाही.
मघाशी शिपाई सुतळी आणि दाभण घेऊन आला. "हुकूम अजून न्हाय मालक, पण आणून ठेवलंय," म्हणाला आणि ओशाळून उभा राहिला. त्याला चहा पाजला. त्याचा काय दोष.
पाचला गॅदरिंग. मुली यायला लागल्यात, आपापला दोर बघून बसतायत. मल्लय्या विचारतोय, छत उतरवायला घेऊ का थांबू. थांब म्हटलं.
खुर्ची उचलून कनातीच्या मधोमध टाकलीय, पाठ टेकून बसलोय. शिवायचीच असेल तर माझ्या सदऱ्यासकट शिवावी लागेल.