पंख्याचा बंदोबस्त

२ मार्च, रविवार

आज एक मोठं काम फत्ते. गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली, तरी बॉनेटखाली तो पंखा घूं घूं करत फिरतोच आहे. चांगली दोन मिनिटं. हे रोजचंच झालंय. बॅटरी फुकट जाते आणि घरात कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. शेवटी गाडीचं पुस्तक काढलं, चित्र बघून पंख्याचा फ्यूज हुडकला आणि उपटला. हिरवा, अंगठ्याच्या नखाएवढा. एकदम शांतता.

फ्यूज आठवण म्हणून इथेच, खालच्या ओळीवर सेलोटेपने चिकटवतोय.

पंख्याचा बंदोबस्त केला. मेकॅनिकची गरज लागली नाही.

५ मार्च, बुधवार

ऑफिसहून येताना मोठ्या चौकात अर्धा तास अडकलो. टेम्परेचरचा काटा लाल रेघेला टेकला. पुढे रस्ता मोकळा मिळाला तसा मुकाट खाली आला. म्हणजे इंजिन ठणठणीत, काटा बिघडलाय.

हिने लगेच टुमणं लावलं, माझ्या भावाला दाखवा. मेव्हण्याचं गॅरेज आहे, वीस वर्षं झाली, कबूल. पण त्याच्याकडे गाडी नेली की तो आधी हसतो आणि मग विचारतो, दाजी, तुम्ही कुठे कुठे हात घातलात? मी शिकलेला माणूस आहे. असल्या प्रश्नांना उत्तर द्यायला मी बांधील नाही.

९ मार्च, रविवार

काटा बरोबर आहे. चौकात वाफ आली.

आजपासून सिस्टिमॅटिक डायग्नोसिस. वहीत कॉलम आखले: लक्षण, शक्यता, उपाय. पहिली शक्यता: कूलंट कमी. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं हे मला माहीत होतंच. आता उजव्या हातालाही माहीत झालं. हिने मलम लावलं.

११ मार्च, मंगळवार

नवं कूलंट भरलं. तरी चौकात काटा लाल. शिवाय गाडी उभी राहिली की एसीही गरम हवा मारतो. म्हणजे एकाच वेळी दोन वेगवेगळे बिघाड. माझं नशीबच असं. एसीचं नंतर बघू, उगाच गुंतागुंत नको.

१५ मार्च, शनिवार

थर्मोस्टॅट बदलला. स्वतः. सकाळी नऊला बसलो तो दिवेलागणीला उठलो. दोन स्क्रू उरले, पण कंपन्या जास्तीचे देतातच. लगेच हायवेवर चक्कर मारली. चाळीस मिनिटं काटा मधोमध, हलायला तयार नाही. जिंकलो.

घरी येऊन जाहीर केलं की एकोणीस तारखेला लेकीला मुलाखतीला मी सोडणार. दोन वर्षं घासतेय पोरगी या नोकरीसाठी. साडेनऊनंतर आत घेत नाहीत म्हणे. ती म्हणाली, बाबा, मी टॅक्सीने जाते, तुम्हाला कशाला त्रास. मी म्हटलं, बाप जिवंत असताना टॅक्सी? मग तिने आईकडे बघितलं, आईने तिच्याकडे. ठीक आहे म्हणाली. मनातून खूश झाली असणार.

१८ मार्च, मंगळवार

चौकात पुन्हा वाफ. घरी सांगितलेलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना टेन्शन देऊ नये.

मात्र इंटरनेटवर जालीम उपाय सापडला. गाडीतला हीटर फुल्ल ठेवायचा, इंजिनची उष्णता आत येते आणि काटा उतरतो. करून बघितलं. उतरतो. थोडं उकडतं.

उद्याचा संकल्प: एक तास आधी निघणे. न चिडणे. मेव्हण्याचा विषय न काढणे.

१९ मार्च, बुधवार, सकाळी ७

गाडी पुसली. हात बरा आहे. सगळं प्लॅननुसार.

१९ मार्च, संध्याकाळी ७

सगळं लिहून टाकतो.

मोठ्या चौकात नऊ वाजता अडकलो. हीटर फुल्ल, काचा खाली. लेकीचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला, हातातली फाइल ती पंख्यासारखी हलवत होती. सव्वानऊला वाफेने समोरचं दिसेना. मी तिला म्हणालो, दहा मिनिटं थांब, गार होईल. ती शांतपणे उतरली आणि मागे चालत गेली. मागे तीन गाड्या सोडून मेव्हणा स्कूटरवर उभा होता, जादा हेल्मेट घेऊन. घरापासून मागे होता. शनिवारीच ठरलं होतं त्यांचं.

नऊ अठ्ठावीसला पोचली. मुलाखतीत तिला विचारलं, संकट आधीच ओळखून तयारी ठेवल्याचं एखादं उदाहरण सांगा. तिने आजचंच सांगितलं. साहेब मंडळी खूप हसली म्हणे. म्हणजे काही अंशी मदत माझीही झाली.

पाच वाजता मेव्हणा आला. बॉनेट उघडलं, मिनिटभर बघितलं आणि विचारलं, दाजी, पंख्याचा फ्यूज कुठाय? गाडी उभी असताना वारा लागत नाही, तेव्हा तोच पंखा इंजिन आणि एसी दोन्ही गार ठेवतो. किल्ली काढल्यावरही फिरतो तो त्यासाठीच.

बघतो म्हणालो आणि आत आलो. घाईत वहीतला फ्यूज ओढला तर टेपबरोबर कागदाचा पापुद्राही निघाला. तसाच मुठीत नेऊन दिला. म्हटलं, कुठल्या तरी गॅरेजवाल्याने काढून डिकीत टाकला होता.

मेव्हण्याने टेप सोडवली, उजेडात धरली आणि हिच्या हातात दिली. हिने लेकीला दिली. लेकीने मोठ्याने वाचलं: पंख्याचा बंदोबस्त केला. मेकॅनिकची गरज लागली नाही.

अक्षर कुणाचं आहे हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

नंतर मेव्हण्याने फ्यूज बसवला, इंजिन तापवून दाखवलं आणि बंद केलं. गाडीची किल्ली लेकीने स्वतःच्या पर्समध्ये टाकली. आत सगळे चहा पितायत, हसतायत. मी बाहेर पायरीवर बसून हे लिहितोय. मघाशी दोन मिनिटं पंखा फिरत होता. बॅटरी जात होती, पण सांगणार कुणाला.