स्टिअरिंगवरची टोपी

१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक. बाबांना जाऊन वर्ष होत आलं, तरी आई सकाळी एक कप चहा जास्तच करते आणि तो मला प्यावा लागतो.

मुख्य बातमी अशी, की बाबांचा ट्रॅक्टर मी मागून घेतलाय. दादा म्हणाला, तुझ्या दुप्पट वयाच्या त्या धुडाचं काय लोणचं घालणार आहेस? मी हट्ट सोडला नाही. शेवटी तह झाला. वीस तारखेच्या रविवारी दादा येणार. त्याच्यासमोर ट्रॅक्टर सुरू झाला तर राहील, नाही तर सोमवारी भंगारवाला ओढून नेईल. आत्या, बाबांचं एवढं एकच मला हवं आहे.

आता गोम अशी, की मी शिलाई मशीनपलीकडे कशातच तेल घातलेलं नाही. बाबांच्या हाताखाली ट्रॅक्टरचं काम शिकलीस ती तू. इंजिनचं तेल, गिअरचं तेल, रेडिएटरचं पाणी, सगळंच बदलावं लागेल ना? दादाचा काही उपयोग नाही. मागे आला तेव्हा शेडमधल्या घमेल्यातलं काळं तेल त्याने फाटकाच्या बिजागऱ्यांना चोपडलं आणि दिवसभर त्याची बढाई मारली.

लवकर उत्तर धाड. तुझ्या मायेवर विसंबलेली,
भिंगरी


७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा तुझं पत्र वाचेपर्यंत दुखत होता, नंतर विसरला. आमच्या घराण्यात हात काळे करणारं कुणी उरलं म्हणायचं!

आधी पाणी. रेडिएटरच्या खालची तोटी उघड आणि गंज जाऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन काढ. मग मागच्या पेटीतलं गिअरचं तेल. ते मधासारखं घट्ट असतं, आपल्या मर्जीने उतरतं, त्याच्यावर ओरडून फायदा नाही. तुझा बाबा ओरडायचा, म्हणून सांगते.

इंजिनचं तेल शेवटी, आणि एक लक्षात ठेव: आधी इंजिन थोडा वेळ चालवायचं. तेल तापलं की पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. तेव्हा रविवारी दादासमोर आधी सुरू कर. मग त्यालाच खाली झोपवून इंजिनच्या तळाचा, तेल सोडायचा नट काढायला लाव. शर्ट नवा असेल तर उत्तम.

आईला जप. आशीर्वाद आहेतच.
तुझी आत्या


१४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाणी झालं. गंजाचा पहिला लोट माझ्या चपलांवरून गेला. गिअरचं तेलही बदललं. ते उतरेपर्यंत मी तिथेच बसून एका सदऱ्याची सगळी काजं केली. बॅटरी नवी आणली आहे. आता रविवारी तू सांगितलंस तसं आधी सुरू करायचं, मग इंजिनचं तेल.

आईने सगळ्याला मुभा दिली आहे, अट एकच. बाबांची कापडी टोपी स्टिअरिंगला अडकवलेली आहे. शेवटच्या संध्याकाळी त्यांनीच अडकवली, आणि त्या रात्री ते झोपेतच गेले. आई रोज शेडच्या दारात जाऊन ती बघून येते. म्हणते, ट्रॅक्टरचं हवं ते करा, टोपीला हात लावायचा नाही. मलाही तो धीर नाही. चालवतानाही ती तिथेच राहील.

रविवारी आमच्यासाठी देव पाण्यात घालून बस.
तुझीच,
भिंगरी


१८ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद नंतर. ट्रॅक्टर सुरू करू नकोस!

स्टिअरिंगवर टोपी म्हणजे इंजिनात तेल नाही. हा तुझ्या बाबाचा नियम. आमचे वडील घाईचे. एकदा तेल काढलेलं असताना सुरू करायला धावले, तेव्हापासून तुझा बाबा तेल सोडलं की टोपी स्टिअरिंगला अडकवायचा आणि नट तिच्या दुमडीत ठेवायचा. रात्रभर तेल निथळायचं. सकाळी जो नवं तेल भरेल त्यानेच टोपी काढायची. त्याची ती सकाळ झालीच नाही गं.

कोरडं इंजिन चालवलंत तर ते जागच्या जागी आवळून बसेल, मग भंगारवालाच बरा. आधी तेल बघ, हे सांगायला मी विसरले. त्याच्या ट्रॅक्टरमध्ये तेल नसेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

टपालावर माझा भरवसा नाही. शेजारचा ट्रकवाला तुमच्या फाट्यावरून जातो, त्याच्या हाती देते आहे.

आत्या


२१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा ट्रकवाला पोचला तेव्हा दादा सीटवर बसला होता आणि मी बॅटरीची वायर आवळत होते. मी पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि दादाचा हात किल्लीवरून ओढून काढला. तो म्हणाला, आत्या म्हणजे राईचा पर्वत. मग आम्ही वाकून बघितलं. नटाच्या जागी नुसतं भोक होतं. फाटकाला कुठलं तेल चोपडलं, ते दादाला तेव्हा उमगलं.

आईला सांगायचा धीर दोघांनाही होईना, म्हणून तुझं पत्रच तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं. शेडमध्ये जाऊन, टोपी न काढता, दुमडीत बोटं घातली. नट होता. तो तिने पदराने पुसून मुठीत धरला. मग म्हणाली, मी वर्षभर आठवण म्हणून जपते आहे, आणि हा माणूस मला रोज सांगतोय की काम अर्धं राहिलंय. रडली, आणि रडता रडता हसायला लागली. मी तर नुसतीच रडले.

नट मी बसवला. तेलाचा डबा उचलला, तर आईने तो माझ्याकडून घेतला आणि नरसाळ्यातून सगळं तेल स्वतः ओतलं. तेल मोजायच्या पट्टीवरच्या वरच्या खुणेला तेल लागल्यावर, नियमाप्रमाणे, तिने टोपी काढली, झटकली आणि आपल्याच डोक्यावर घातली. कानांपर्यंत आली. मग दादाला म्हणाली, उतर खाली, ती जागा तुझी नाही.

दोनदा नुसता खोकला. तिसऱ्यांदा म्हातारबा असा गरजला की धूर थेट दादाच्या शर्टावर. हो, नवाच होता. आईला शेजारी बसवून मी फाटकापर्यंत नेऊन आणलं. फाटक अजिबात कुरकुरलं नाही. भंगारवाल्याला 'येऊ नको' असं दादाच सांगून आला.

गुडघा बरा कर आणि ये. लोभाची पातळी पट्टीच्या वरच्या खुणेलाच असू दे.
तुझी लाडकी,
भिंगरी

ता. क. चहा आजही एक कप जास्त झाला. मी हात पुढे केला, तर आईने तो स्वतःकडे ओढला. म्हणाली, ट्रॅक्टरवाल्यांना दोन लागतात.