ओक-रानच्या आवाजातले एक वाक्य बदलण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
लसीकरण विभाग,
मुगोक तालुका आरोग्य केंद्र.

अर्जदार: को यांग-तेक, वय ७४, पर्सिमन फळांचे बागायतदार, मु. सोत्गोल.

विषय: सोत्गोल गावच्या भोंग्यावरून होणाऱ्या नागीण लसीकरणाच्या घोषणेतील एक वाक्य बदलणे व बाकीची घोषणा न पुसणे याबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर, की घोषणा हा गावाचा विषय आहे. २) गावप्रमुख श्री. मा चांग-दोक यांचे तोंडी उत्तर, की मजकूर वरून आलेला असल्याने हा आपल्या कार्यालयाचा विषय आहे. ३) त्यानंतर आलेले आपले पत्र, की संपूर्ण घोषणा पुसून यंत्राच्या आवाजात नवी बसवण्यात येईल.

महोदय,

१. सविनय सादर करतो की आमच्या गावात सभागृहाच्या खांबावर भोंगा आहे. दर शरदात आपल्या केंद्राची बस येण्याआधी पासष्टीपुढच्या लोकांसाठी त्यावरून मोफत नागीण लसीची घोषणा लावली जाते. घोषणेतला आवाज माझी पत्नी कै. ब्यन ओक-रान हिचा आहे. ती महिला मंडळाची अध्यक्ष होती. गावप्रमुखांचा आवाज ऐकून कुत्री भुंकतात, असे गावात सर्वांचे मत पडल्यामुळे दोन वर्षांपूर्वी तिच्याकडून घोषणा वाचून घेऊन ती ध्वनिमुद्रित केली गेली. मजकूर आपल्या कार्यालयाचा होता. सुरुवातीचा खोकला, “आ, आ, ऐकू येतंय ना?” ही चाचणी आणि अगदी शेवटचे “आणि उपाशीपोटी येऊ नका, जेवून या हं,” हे तिने पदरचे घातले आहे.

२. तक्रार मधल्या वाक्याबद्दल आहे. ते असे: “ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, त्यांनी ही लस घेऊ नये, त्यांनी घरीच थांबावं.” आपल्या खिडकीवरील तरुण कर्मचाऱ्याने मला अत्यंत अदबीने, “आजोबा, वाक्य वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे,” असे समजावले. ते बरोबर आहे हे मी मान्य करतो. मोफत लशीत जिवंत विषाणू असतात, दुबळे केलेले असले तरी जिवंत, आणि अशा औषधांवरच्या माणसाला ती द्यायची नसते. पण वाक्य तिथेच संपते. ज्या लशीत जिवंत विषाणू नसतात अशी दुसरी लस आहे, ती अशाच माणसांना देता येते, आणि नागिणीची भीती त्यांनाच अधिक असते, हे वाक्यात कुठेच नाही.

३. ओक-रानला बरीच वर्षे संधिवात होता. आठवड्याची गोळी आणि एक इंजेक्शन चालू होते. त्यांच्यामुळेच तिची बोटे पुन्हा वळू लागली होती, आणि त्या औषधांविषयी मला काहीही तक्रार करायची नाही. बस आली तेव्हा मी तिला विचारले, तू जाणार ना. ती म्हणाली, “अहो, मीच सगळ्या गावाला सांगितलं, आता मीच रांगेत उभी राहू? लोक हसतील.” मी म्हणालो, “अध्यक्षबाईंचा हुकूम अध्यक्षबाईंनाच भोवला.” ती हसली आणि कोबीला मीठ लावायला बसली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारावे असे तिच्याही मनात आले नाही आणि माझ्याही नाही. घरी थांबायचे म्हणजे घरी थांबायचे, एवढेच आम्हाला कळले.

४. गेल्या वर्षी हिवाळ्यासाठी कोबीच्या लोणच्याची, किमचीची, पिंपे घालून झाल्यावर तिच्या उजव्या बरगडीखाली आग होऊ लागली. आमच्याकडे किमची घातली की प्रत्येक बाईची पाठ धरते आणि प्रत्येक घरात दुखण्यावरच्या औषधी पट्ट्यांचे पाकीट उघडले जाते. मीच तिच्या पाठीवर पट्ट्या लावल्या, एकीशेजारी एक, नीट, आत हवा राहणार नाही अशा. खाली पुरळ दिसला तेव्हा तो पट्टीचा पुरळ समजून आम्ही पट्टीची कंपनी बदलली. महोदय, तो पट्टीचा पुरळ नव्हता. इस्पितळात नेले तोवर फोड अंगभर झाले होते आणि पुढे ते दुखणे फुप्फुसात उतरले. चांद्र नववर्षाच्या सणाआधी ती गेली. दुसरी लस घेतली असती तर ती नक्की वाचली असती असे मी लिहीत नाही. डॉक्टरांनाही तसे सांगता आले नाही. पण तिला निदान विचारता आले असते, आणि ते राहून गेले. हे मला सहन होत नाही, एवढे मी अर्जात लिहिले तर आपण क्षमा करावी.

५. दुसरी लस मोफत नाही हे मला ठाऊक आहे. ती मोफत करा अशी मागणी या अर्जात नाही. परवडत नाही हे ऐकले असते तर आम्ही घरात भांडलो असतो, मुलीला फोन केला असता, वाळवलेले पर्सिमन नेहमीच्या आधी विकले असते. तुमच्यासाठी काहीच नाही असे ऐकल्यावर माणूस भांडतसुद्धा नाही.

६. आता निकडीचे. या शरदातल्या पहिल्या फेरीच्या सकाळी भोंगा लागला. माझ्या शेजारीण श्रीमती तांग सुन-रे यांना त्यांच्या धाकट्या बहिणीने मूत्रपिंड दिलेले आहे आणि ते अंगाने नाकारू नये म्हणून त्यांना तसलीच औषधे जन्मभर घ्यायची आहेत. त्या बूट घालून दारात उभ्या होत्या. ते वाक्य ऐकून त्यांनी बूट काढले. मी कुंपणावरून विचारले तर म्हणाल्या, “ओक-रानताई म्हणाली थांबा, म्हणून थांबले. ती कधी कुणाचं वाईट सांगेल का?”

मी सभागृहात गेलो आणि यंत्राची वायर उपटली. गावप्रमुखांनी “दादा, हे सरकारी यंत्र आहे,” असे बजावून ती पुन्हा लावली. दुपारच्या घोषणेला मी खांबाला शिडी लावून भोंग्यावर आमची हिवाळी रजई बांधली. त्याचा परिणाम एवढाच झाला की तिचा आवाज पांघरुणातून बोलावे तसा येऊ लागला, आणि मला खाली उतरता येईना. गावप्रमुखांनी आणि अन्य दोघांनी मला उतरवले. या प्रकाराबद्दल कोणताही दंड असल्यास मी भरण्यास तयार आहे. रजई अद्याप सभागृहात जमा आहे.

त्यानंतर मी सुन-रे यांना शहरातल्या त्यांच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी सांगितले की यांच्यासाठी दुसरी लस आहे आणि ती औषधांच्या वेळा पाहून दोनदा द्यायची असते. सुन-रे यांनी तीन वेळा विचारले, “म्हणजे मला चालते?” डॉक्टर तिन्ही वेळा हो म्हणाले. परतीच्या बसमध्ये त्या माझ्याकडे न बघता रडत होत्या. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गावात आणि आजूबाजूला बूट काढून ठेवलेली अजून किती माणसे आहेत हे मला ठाऊक नाही. आपल्या कार्यालयाला ठाऊक असावे अशी आशा करतो.

७. आपल्या पत्राबद्दल. संपूर्ण घोषणा पुसून यंत्राचा आवाज बसवण्याचा आपला निर्णय तत्पर आहे, त्याबद्दल आभारी आहे. परंतु माझी मागणी तशी नव्हती. गावप्रमुखांनी तिचा आवाज माझ्या फोनमध्ये उतरवून दिला आहे, तेव्हा भोंग्यावरचा गेला तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे. पण फोनमध्ये ती मला एकट्याला “गावकरी मंडळी” म्हणते, आणि असे तिने मला उभ्या जन्मात म्हटले नव्हते. भोंग्यावर ती पूर्वीसारखीच सगळ्यांशी बोलते, आणि त्या सगळ्यांत मी असतो. ती गेल्यापासून माझ्या जेवणाला वेळ राहिलेली नाही. मुलगी फोनवर ओरडते, सुन-रे भाताचे भांडे दारात ठेवून जातात, तरी विसरतो. मात्र खांबावरून “जेवून या हं” ऐकू आले की मी आत जाऊन भात वाढून घेतो. हे वैद्यकीय कारण नाही, याची मला जाणीव आहे.

८. तरी विनंती की:

(अ) दुसऱ्या फेरीपूर्वी वरील परिच्छेद २ मधील तेवढेच वाक्य कापावे व त्या जागी सोबतचे वाक्य घालावे. ते शहरातल्या डॉक्टरांनी तपासून दिले आहे. वाचण्यास सुन-रे तयार आहेत. त्यांचा आवाज थोडा किरटा आहे, पण शब्द स्पष्ट येतात.

(ब) खोकल्यापासून “जेवून या हं” पर्यंतचा उरलेला आवाज तसाच ठेवावा.

(क) हेच वाक्य तालुक्यातल्या ज्या ज्या गावांत वाजते तिथेही ते पूर्ण करावे. तिथे कोणाचा आवाज आहे हे मला माहीत नाही, पण तीही कोणाची तरी माणसे असतील.

९. आपल्या कर्मचाऱ्याने फोनवर सांगितले की जुने यंत्र असल्यामुळे मधले वाक्य कापता येते की नाही याची खात्री नाही. एकतर पूर्ण ठेवा, नाहीतर पूर्ण पुसा, असा प्रसंग येऊ शकतो. त्याबाबत मी बरेच दिवस विचार केला. हा परिच्छेद लिहिण्याआधी दोन कागद फाडले.

तसा प्रसंग आलाच तर पूर्ण पुसावे.

सुन-रे यांना अजून पुष्कळ जगायचे आहे. ओक-रानच्या आवाजाने कोणी घरी बसावे हे ओक-रानला चालले नसते, आणि यात मला तिला विचारण्याची गरज वाटत नाही. फक्त पुसण्याचा दिवस ठरल्यास मला आधी कळवावे, आणि पुसण्यापूर्वी एकदा ती घोषणा भोंग्यावरून पूर्ण लावावी. मी खांबाखाली हजर राहीन. शिडी आणणार नाही. जेवून येईन.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

को यांग-तेक
(सही व शिक्का)
सोत्गोल, दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत:
१) बदली वाक्य, डॉक्टरांच्या सहीसह: “ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, त्यांच्यासाठी ही लस नाही, पण दुसरी आहे, आणि नागिणीपासून जपायची गरज त्यांनाच जास्त आहे. घरी बसू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.”
२) श्रीमती तांग सुन-रे यांचे संमतिपत्र.
३) वाळवलेल्या पर्सिमनची एक माळ पाठवणार होतो. आपल्या कार्यालयात भेट स्वीकारत नाहीत असे कळल्यामुळे पाठवलेली नाही.