अण्णांच्या गाडीचं ऑइल सील

नांदेड,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. राघवेंद्र यास,

श्रीपाद दाजींचे अनेक आशीर्वाद. लातूरला सगळे मजेत असतील, मंजुश्रीची पाठ आता दुखत नसेल आणि दसऱ्याचं श्रीखंड तुला पचलं असेल असं धरून चालतो. (फोनच केला असता, पण या घरात फोनवर बोललेलं तुझ्या ताईला मागच्या खोलीतही ऐकू येतं.)

अण्णांची गाडी दसऱ्यानंतर भंगारात द्यायची असं तू ठरवलंस. तुझं काही चुकलं नव्हतं. इंजिनातलं तेल अडवणारं सील गेलेलं, उभी राहील तिथं तेलाचं थारोळं, आणि आमच्या मेकॅनिकने तर हातच जोडले, "सर, लई जुनी हाय, इकून टाका." अण्णा गेले तेव्हा ताई चारचौघांत रडली नव्हती. त्या दिवशी मात्र बॉनेटवर हात ठेवून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मीच बदलते सील." पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला कोण अडवणार?

खंडेनवमीला सकाळीच तिने इंजिनाला हात घातला. (बोल्ट खोलायचे पाने पूजेला मांडले होते. ते कुंकवासकट उचलले आणि देवाला म्हणाली, आत्ता आणून ठेवते.) पुली काढली, कव्हर काढलं, आत ते सील. बांगडीएवढं रबर, पार वाळून कडक झालेलं. कव्हराचे बोल्ट सगळे सारखे नसतात, कुठे लांब, कुठे आखूड, हे मला तेव्हा कळलं. म्हणून तिने अंगणात खडूने कव्हराची आकृती काढली आणि ज्याच्या त्याच्या जागी बोल्ट मांडला. मी टॉर्च धरून होतो.

दसऱ्याला सकाळी मीही एक काम केलं. गाडीची पूजा आहे, अंगण लख्ख पाहिजे, म्हणून आमच्याकडे कामाला येणाऱ्या केवळाबाईंना सडा घालायला सांगितलं. त्यांनी झाडलं, सगळे बोल्ट एका वाटीत भरले आणि वर सुरेख कमळाची रांगोळी काढली. ताई बाहेर आली. तिने रांगोळी बघितली, मग वाटी, मग मला. लग्नाला अडतीस वर्षं झाली, इतका मी कधी घाबरलो नव्हतो. पण केवळाबाईच म्हणाल्या, "अवो, त्यात काय? हितं लांबडा व्हता, त्याच्या खाली दोन आखूड. ठिपका इसरला तर रांगोळी बसंल का?" आणि कमळ पुसून सगळे बोल्ट पुन्हा मांडून दिले. ताईने एकेक भोकात घालून बघितला, एकही चुकला नाही. गणिताच्या बाईंनी तिथंच त्यांना वाकून नमस्कार केला. मलाही भरून आलं रे.

नवं सील तिने तेल लावून हलक्या हाताने ठोकत बसवलं. पूजा झाल्यावर अर्धापूरपर्यंत जाऊन केळीचा घड घेऊन आलो. गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला होता, तो आज सकाळी कोराच्या कोरा. तुझी ताई फार मोठी बाई आहे. हे तिच्या तोंडावर म्हणायला मला अजून जमलेलं नाही.

मंजुश्रीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीपाद दाजी

ता. क. : गाडी 'आम्ही दोघांनी' दुरुस्त केली असं मी गल्लीत सांगितलंय. आलास तर सांभाळून घे.

आणखी ता. क. : सोबत एक फॉर्म आहे. गाडी अजून अण्णांच्या नावावर आहे, ती ताईच्या नावावर करायला मुलगा म्हणून तुझी सही लागते. ती स्वतःहून मागणार नाही. धाकट्या भावाकडे काही मागायचं नाही, हे तिने आयुष्यभर पाळलंय. म्हणून मी मागतो. फुली केलीय तिथं सही कर आणि पाकीट तिच्या नावाने पाठव. दाजींनी सांगितलं असं लिहू नकोस. तुझ्याच मनात आलं असं तिला वाटू दे.