ब्याडगीचं इंजिन आणि हँडलचा प्रश्न

सप्तापूर, धारवाड
५ ऑक्टोबर १९९८

तीर्थस्वरूप अप्पांच्या चरणी सुमंतचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हा शब्द आजवर सासऱ्यांच्या पत्रात मी सवयीने लिहीत आलो. यंदा अनुभवाने लिहितो आहे. आठही अंगं बेलूरच्या मातीला टेकली, त्याचा वृत्तांत पुढे येईलच.) आपले गुडघे कसे आहेत? श्रीकांतने मिरजेत नवे वैद्य गाठले आणि त्यांच्या तेलाचा वास घरभर सुटतो, असं भाग्यलक्ष्मी सांगत होती. ज्या घराने आपल्या हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपचं ग्रीस छत्तीस वर्षं हुंगलं, त्याने तेलाला नाक मुरडू नये असं माझं नम्र मत आहे. इकडे सर्व क्षेम. माझ्या डाव्या कोपराला पट्टी आहे, पण ती उद्या निघेल.

पत्रास कारण की, येत्या अकरा तारखेला, रविवारी, गावाबाहेर बेलूरचे कारखाने बंद असताना तिथल्या रस्त्यांवर इथल्या मोटारसायकल मंडळाने जुन्या गाड्यांची शर्यत ठेवली आहे, आणि तिच्या साइडकार विभागात मी उतरतो आहे. चष्मा पुसून पुन्हा वाचावं, मीच. बारा वर्षांपूर्वी आमच्या लग्नाच्या पंगतीत आपण चारचौघांत म्हणाला होता, की जावई हुशार आहे, पण खडूपेक्षा जड काही त्याच्या हातात देऊ नका. पंगत हसली, मीही हसलो, आणि तेव्हा घशात अडकलेली जिलबी अजून खाली उतरलेली नाही. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकालाही हात असतात हे आपल्या डोळ्यांदेखत एकदा सिद्ध व्हावं, एवढीच माझी इच्छा आहे. तेव्हा अकराला आपण यावं आणि मला हँडलवर बघावं.

आता साइडकार म्हटल्यावर फौजदारीणबाईंना बाजारात नेणारी ती टोपली आपण डोळ्यांसमोर आणू नये. शर्यतीच्या साइडकारला टोपली नसते. गाडीच्या डाव्या अंगाला एक फळी, फळीला एक चाक आणि धरायला दोन कड्या. फळीवरच्या माणसाने डाव्या वळणाला बाहेर इतकं झुकायचं की कान रस्त्याला लागावा. नाही झुकलं तर चाक उचलतं आणि मंडळी उलटतात. या माणसाला इथे ‘वजन’ असंच म्हणतात. आमचं वजन म्हणून भाग्यलक्ष्मीची निवड झाली. (ती बावन्न किलो, मी चौऱ्याऐंशी. आकड्यांना फार महत्त्व देऊ नये.)

नियमाप्रमाणे इंजिन साठ सालापूर्वीचं आणि एकाच सिलिंडरचं हवं. शोधायला मारुती होता. हा बेलूरला लेथ चालवतो. माझा जुना विद्यार्थी, तर्कशास्त्रात नापास आणि बाकी सगळ्यात पास. त्याने आधी नवलगुंदहून विहिरीचं पाणी उपसायचं एक डिझेल इंजिन टेम्पोत घालून आणलं. सिलिंडर एक, साल पंचावन्न, मग हरकत काय, असा त्याचा युक्तिवाद. युक्तिवादात खोट नव्हती (मला अभिमान वाटला), पण ते उतरवायलाच सहा माणसं लागली. मग एका स्कूटरचं आलं, ते फळीसकट आम्हा दोघांना ओढेना. भाग्यलक्ष्मी उतरून चालू लागली तेव्हा कुठे निघालं. शेवटी ब्याडगीला, एका मिरची कांडपाच्या गिरणीत, बीएसएचं बावन्न सालचं पाचशे सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट सापडलं. चाळीस वर्षं मुकाट कांडप ओढत होतं. मी कंप्रेशन, कॅम वगैरेचा अभ्यास वहीत उतरवून नेला होता. मारुतीने वही पाहिली नाही, किक मारली. किकने त्याला उलट मारलं. धूळ झटकत उठून तो म्हणाला, “सर, इदु एंजिन अल्ल, एत्तु!” हे इंजिन नव्हे, बैल आहे, असं म्हणाला, म्हणजे पसंत पडलं. आम्ही ते घेतलं. एकच गोष्ट कुणी सांगितली नव्हती, की चाळीस वर्षांची मिरची लोखंडात मुरते. इंजिन तापलं की असा ठसका उठतो की पहिल्या दिवशी आमची अख्खी गल्ली शिंकली. समोरच्या बाळाचार्यांना संध्या तीनदा पहिल्यापासून सुरू करावी लागली.

ट्यूनिंगबद्दल आपल्यापुढे काय बोलावं! तरी बोलतो. ठिणगी पिस्टन पार वर पोचायच्या किंचित आधी पडायला हवी. पिस्टन कुठे आहे ते बघायला मी प्लग काढून भोकात भाग्यलक्ष्मीची विणायची सुई घातली (विचारलं नाही, घाई होती), सुई वर येऊन थांबली तिथे ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बसवला आणि किक मारली. पिस्टन वर आलं म्हणजे आलं, यात शंकेला जागा कुठे? जागा होती. पिस्टन दोनदा वर येतं, एकदा हवा दाबायला आणि एकदा धूर बाहेर ढकलायला, आणि मी नेमकी धुराची वेळ धरली होती. सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या खोल्यांतले विद्यार्थी परीक्षा पुढे ढकलली असं समजून आनंदाने बाहेर आले. भाग्यलक्ष्मी दारात येऊन एवढंच म्हणाली, “अहो, माझी सुई.” मग सहज म्हणून तिने प्लगच्या भोकावर अंगठा धरला आणि मला किक हळू दाबायला लावली. हवा अंगठा उडवते ती वेळ खरी, हे तिने लहानपणी आपल्याकडे बघितलं होतं म्हणे. पुढचं सगळं मी केलं. म्हणजे पाना माझ्या हातात होता. ती आत पोळ्या लाटत नुसत्या आवाजावरून “अजून थोडं मागं”, “आता ठोकतंय”, “हां, हात काढा” असं सांगायची, आणि ते माझ्या निष्कर्षाशी जुळतं का हे मी पडताळून बघायचो. जुळायचं.

असं चार आठवड्यांत इंजिन घड्याळासारखं लागलं आणि खंडेनवमी आली. आता हत्यारं पुजायची, रिक्षा पुजायच्या, गिरण्या पुजायच्या आणि ब्याडगीचा बैल तेवढा उपाशी ठेवायचा, हे काही मला पटेना. बाळाचार्यांना बोलावलं. शर्यतीच्या कार्बोरेटरला जाळी नसते, त्याचं तोंड उघडं असतं; आणि आचार्यांचा हात सढळ. गणपतीला मूठभर अक्षता, देवीला मूठभर, इंजिनाला दोन मुठी, कारण ते पाहुणं. मी “पुरे” म्हणणार होतो, पण मंत्र चालू असताना मध्ये बोलू नये. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून आम्ही बेलूरला चाचणीला गेलो. मी हँडलवर, ती फळीवर. सरळ रस्त्याला मी गॅस पूर्ण दिला. बैल उधळला. वळण आलं तसा गॅस सोडला, पण गॅस काही सुटेना. अशा प्रसंगी काय करावं याचे चार पर्याय पुस्तकात आहेत, आणि मी त्यांचा क्रम लावत होतो, तेवढ्यात फळीवरून एक हात आला आणि त्याने इंजिनाचा दम काढायचा हँडलवरचा दांडा खस्सकन ओढला. इंजिन गप्प झालं. गाडी थांबली. मी थांबलो नाही.

मी उठेपर्यंत भाग्यलक्ष्मीने कार्बोरेटर उघडला होता. आतली सरकती झडप आणि तिची खोबण यांच्या मधोमध हळदीने पिवळा झालेला तांदळाचा एक दाणा पाचर मारून बसला होता. तो तळहातावर घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडणार. ती हसत सुटली. अप्पा, बारा वर्षांत तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि तोंडात माती असूनही मला फार बरं वाटलं.

तर गाडी तयार आहे. शनिवारी दुपारच्या गाडीने निघावं, मी स्टेशनवर येतो. गुडघ्यांना जपावं. श्रीकांत आणि वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक
सुमंत

ता. क. मी हँडलवर असतो असं वर लिहिलं आहे, ते दसऱ्याच्या दुपारपर्यंत अचूक होतं. कोपर दुखत होतं म्हणून परतताना गाडी हिने घेतली, ती अजून परत दिलेली नाही. तूर्त फळीवर मी असतो. मारुती म्हणतो, सर, असं चौऱ्याऐंशी किलोचं वजन सगळ्या धारवाडात मिळणार नाही. त्याला हे कौतुक वाटतं.

ता. क. २. मुख्य विनंती राहिलीच. भाग्यलक्ष्मी माझं ऐकत नाही, आपलं ऐकते. हँडल जावयाकडे द्यावं अशा दोन ओळी तिला उलट टपाली लिहाव्यात. कारण कुठलंही चालेल. नाहीतर आपण गुडघे घेऊन मिरजेहून येणार आणि बघणार काय, तर मी फळीवर आडवा.

ता. क. ३. अप्पा, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून उघडून वाचलं. तसलं काही लिहू नका हं. मारुती त्या दिवशीपासून घड्याळ लावून बघतोय, फेरीला रोज दोन-तीन सेकंद कमी होतात. हे डाव्या वळणाला डोळे गच्च मिटून बाहेर झुकतात, तोंडाने देवाचं नाव चालू असतं, पण वळण चुकलं नाही की कडी सुटली नाही. इतकं भरवशाचं माणूस मागं असल्यावर मला वळून बघावं लागत नाही. ते आहेत म्हणून मी वळणालासुद्धा गॅस सोडत नाही. हे तेवढं त्यांना सांगू नका. त्यांना वाटतं सोडते. — भाग्या