टिकलीखालचा डाग

कोल्हापूर,
शुक्रवार

तीर्थरूप संयोगिता वन्सं यांना पूर्णिमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही सारखेच दुखतात, त्यामुळे एकाची दुसऱ्याविषयी तक्रार नाही.

तुम्ही पाठवलेली डागावरची औषधं नियमाने लावते आहे. कोजिक अ‍ॅसिडचा साबण (डोळ्यांत गेला की सगळं आयुष्य आठवतं), मग व्हिटॅमिन सीचे थेंब, वर सनस्क्रीन आणि झोपताना अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडची क्रीम. थेंबांची बाटली फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी ठेवली, तर महिन्याभरात तिचा रंगही लोणच्यासारखा झाला. सनस्क्रीन इतकं पांढरं बसतं की दूधवाला केरबा म्हणाला, “काकी, गिरणीत गेलतासा व्हय?”

हे सगळं कशासाठी, ते तुम्हाला अर्धंच कळवलं होतं. पस्तीस वर्षं एकाच जागी टिकली लावून कपाळावर तिच्याएवढाच गोल काळा डाग पडला. (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर टिकली लावू देत नसत, त्याची भरपाई लग्नानंतर तुमच्या भावांनी केली. अंबाबाईला जाऊन येताना महाद्वार रोडवरून पाकीट आणायचे, मापात कधी चुकले नाहीत.) ते गेले तशी टिकली मीच काढली. डाग राहिला. यंदा संक्रांतीला खालच्या मजल्यावरच्या नव्या सुनेनं, तेजस्वीनं, हळदीकुंकवाला बोलावलं आणि डागालाच टिकली समजून त्यावर कुंकू लावलं. सांगायला हवं होतं, वन्सं. पण दोन वर्षांनी कुणाचं बोट कपाळाला लागलं होतं. मी वाण घेतलं (साबणदाणी), वर लाडूही खाल्ला. तेवढ्यात शेजारच्या बाळाबाई दारातूनच ओरडल्या, “अगं पोरी, टिकली न्हाय ती, डाग हाय! काकींचं मालक गेल्यात की!” तेजस्वी रडायलाच लागली, आणि तिची समजूत मला काढावी लागली. अशा वेळी साबणदाणी परत करायची असते का, हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नव्हतं. कोजिकचा साबण सध्या तिच्यातच आहे.

आता डाग निम्मा फिका झालाय. डॉक्टर खूश आहेत. काल आरशात बघताना मात्र वाटलं, तुमच्या भावांचं एवढंच माझ्या अंगावर उरलंय, आणि तेही मी रोज बोटानं पुसते आहे.

तुमची
पूर्णिमा

ता. क. त्यांनी आणलेल्या शेवटच्या पाकिटात सात टिकल्या शिल्लक आहेत. त्यांची थोरली बहीण म्हणून पहिली तुम्ही येऊन माझ्या कपाळाला लावाल का? तुम्ही लावलीत तर बाळाबाई गप्प बसतील. डॉक्टर ओरडतील, त्यांचं मी बघते.

आणखी एक. तुम्हाला ते बरं वाटत नसेल, तर कारण लिहीत बसू नका. नुसती क्रीमची नवी ट्यूब पाठवा. ही संपत आलीय.